उघडणारा एक, लावणारा दुसरा

आमच्या घरात कुठलीही वस्तू बिघडली की ती आमचे हे उघडतात आणि भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, लावतात. मिक्सर असो, शिवणाचं मशीन असो, नाहीतर न्हाणीघरातला नळ. एकाला उघडायचा सोस, दुसऱ्याला लावायचा, आणि दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. पूर्वी यावरून इतकी भांडणं व्हायची की शेवटी मीच कायदा करून टाकला: एकाचं काम चालू असताना दुसऱ्यानं अवाक्षर काढायचं नाही. तेव्हापासून घरात शांतता आहे. दर वेळी दोन-चार स्क्रू उरतात, ते मी डबीत टाकते.

तर त्या सकाळी माझी स्कूटरची परीक्षा होती. हो, माझी! साठीला आलेली बाई, गुडघे कुरकुरतात, पण परवाना हवाच होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना गाडी चालवायला बंदी केली आणि त्याच सुमाराला माझी ताई घरात घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. ती राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एकटी. दोन बस बदलून जायचं म्हणजे माझा अख्खा दिवस जातो आणि तिच्याजवळ तासभरही बसणं होत नाही. ताई कधी तक्रार करायची नाही. फोनवर म्हणायची, "तुझ्या सवडीनं ये गं." सवडीनं यायला मी काय पाहुणी आहे?

म्हणून मी स्कूटर शिकले. मागच्या परीक्षेत आठचा आकडा काढताना पाय टेकला आणि नापास झाले. आता ही तारीख हुकली तर पुढची थेट दोन महिन्यांनी. आणि नेमकं आदल्या संध्याकाळी यांना सुचलं, "कार्बोरेटर साफ करून देतो. गाडी कशी लोण्यासारखी चालेल बघ."

"चालू गाडीला हात लावू नका," मी म्हणाले.

पण ऐकतील तर ते आमचे हे कसले! उघडला, पेट्रोलनं धुतला, ओळीनं वर्तमानपत्रावर मांडला. सकाळी भाऊजींनी लावला. हे बाजूला स्टुलावर बसून कायद्याप्रमाणे गप्प बघत होते. मी हेल्मेट घालून तयार.

भाऊजींनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. नुसतंच खुळुक खुळुक.

"पेट्रोल नसेल," भाऊजी म्हणाले.

मी गाडी हलवून दाखवली. टाकीत डुचमळत होतं. तोटीही उघडी होती.

"मग दादानं जेटचं बारीक भोक नीट धुतलं नसेल."

"मी धुतलेला जेट तू सरळ बसवलास का ते सांग," हे म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं!" मी म्हणाले. "माझी परीक्षा आहे, तुमची नाही. बाजूला व्हा दोघंही."

मी काही मेकॅनिक नाही. पण ज्या बाईनं या दोन भावांसोबत इतकी वर्षं काढली तिला निदान बिघाड तरी शोधता येतो. भाऊजींकडून प्लग काढून घेतला, वायरच्या टोपीत बसवून इंजिनाला टेकवला, त्यांना किक मारायला लावली. निळी ठिणगी पडली, टच्च! म्हणजे ते ठीक. मग कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू थोडा सैल केला. पेट्रोल टपटप गळालं. म्हणजे तेही ठीक. मग प्लग नाकाशी धरला. कोरडा ठणठणीत! इतक्या किका मारूनही त्याला पेट्रोलचा वास नाही.

"नळाला पाणी आहे आणि बादली कोरडी आहे," मी म्हणाले. "मग तुंबलंय कुठं?"

"मध्ये," भाऊजी म्हणाले. "कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये. पण वहिनी, तिथं तुंबण्यासारखं काही नसतंच. नुसती पोकळ नळी असते."

मी यांच्याकडे बघितलं. हे कुंपणावरच्या चिमणीकडे बघत होते. आमच्या यांना पक्ष्यांची आवड कधीपासून लागली?

"अहो, इकडे बघा."

"काय?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. काय आहे त्या नळीत?"

"फडकं," हे अगदी बारीक आवाजात म्हणाले. "आत धूळ जाऊ नये म्हणून पार खोल कोंबलं होतं."

"आणि सांगितलं नाहीस?" भाऊजी ओरडले.

"लावताना बोलायचं नाही असा घरात कायदा आहे."

कायदा माझाच होता. भाऊजी पाना घेऊन भिडले. कार्बोरेटर पुन्हा बाहेर आला आणि नळीतून पक्कडीनं ओढून काढली ती माझ्या जुन्या निळ्या ब्लाउजची बाही. भाऊजींना इतकं हसू आलं की ते खालीच बसले. मलाही आलं, पण मी दाबलं, कारण मला एक हिशेब अजून लागत नव्हता.

भाऊजी हात धुवायला आत गेले तेव्हा मी यांना विचारलं, "लावताना गप्प बसलात, समजलं. पण लावून झाल्यावर? आम्ही किका मारत होतो तेव्हा? तुम्हाला आठवलं नव्हतं?"

यांनी ती निळी बाही उचलून तिची घडी घातली. मग म्हणाले, "पहिल्या किकलाच आठवलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग मूग गिळून का बसलात? ताई तिकडे वाट बघते माझी!"

"माहीत आहे. सांगणारच होतो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कुठं जायचं झालं की तू मला हाक मारायचीस. अहो, चला. डोळे अधू झाले तरी वाटायचं, गाडी आहे, आज ना उद्या... तू पास झालीस की मला कोण हाक मारणार?"

इतक्या वर्षांत हा माणूस असं सरळ कधी बोलला नव्हता. राग होता, तो होताच. पण मला रडूही आलं, आणि रडायला वेळ नव्हता.

"मी मारणार," मी म्हणाले. "शिकाऊ परवान्यावर मागे परवानावाला माणूस बसावा लागतो. तुमचा कागदावर अजून जिवंत आहे. अहो, चला!"

"मागे?"

"मागेच. मी जन्मभर कुठं बसले होते?"

भाऊजींनी कार्बोरेटर लावला. या वेळी मी कायदा मोडायला लावला, आणि हे प्रत्येक नटाला बोलत होते. दुसऱ्याच किकला गाडीनं भक्कन निळा धूर सोडला आणि सुरू झाली. भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. एक स्क्रू उरला होता, तो मी बघितलाच नाही असं केलं.

मागे बसायची यांना सवय नव्हती. प्रत्येक वळणाला हे स्वतःच वळायचे आणि गाडी डगमगायची. "पोत्यासारखे बसा!" मी ओरडले. मग बसले. परीक्षेच्या मैदानावर साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "आठ काढा, आजी." काढला. पाय टेकला नाही. मैदानाच्या कडेला हे श्वास रोखून उभे होते. साहेबांनी शिक्का मारला तेव्हा तो श्वास यांनी मोठ्यानं सोडला.

तिथून घरी कोण जातंय! थेट ताईकडे. दारात हॉर्न वाजवला. ताई काठी टेकत टेकत आली आणि बघतच राहिली.

"कोणी आणलं गं तुला?"

मी काही म्हणायच्या आत हे मागून उतरले. "ताई, हिनं मला आणलं."

ताईनं माझ्या हेल्मेटवरूनच हात फिरवला. मग स्कूटरकडे बघितलं, मग गल्लीकडे. "दवाखान्यातून आल्यापासून मी हा उंबरा ओलांडलेला नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात आता फिरा. फिरू कुणाबरोबर? मला त्या कोपऱ्यापर्यंत नेशील?"

यांनी तिची काठी घेतली, तिला अलगद मागच्या सीटवर बसवलं, पाय नीट ठेवून दिले. "इथं कंबरेला धरा, ताई. वळणावर आपण वळायचं नाही. पोत्यासारखं बसायचं." एका तासाच्या अनुभवावर सल्ला!

मी अगदी हळू निघाले. ताईची हनुवटी माझ्या खांद्यावर होती आणि ती दिसेल ते मोठ्यानं सांगत होती: या घराला नवा रंग दिला, ते झाड तोडलं वाटतं, शिंप्याचं दुकान इकडे कधी आलं? कोपरा आला. मी वळवायला लागले तेव्हा तिचे हात माझ्या कंबरेला घट्ट झाले.

"अजून थोडं पुढं ने ना गं," ती म्हणाली.

मी हँडल सरळ करून गिअर बदलला.