आबा खड्ड्यात

"आबा, तुमी आईला भ्येता का वो?"

शरदिनीनं हे इतक्या मोठ्यानं विचारलं की शेजारच्या वावरातल्या कुदळी हवेतच थांबल्या. बाजरीच्या ताटांमागं तिच्या मैत्रिणी ऋता आणि अंतरा तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. शाळेला नेणाऱ्या नावेतच त्यांनी शरूला डिवचलं होतं, "दम असंल तर चारचौघांत विचार. गोलगप्पे आमच्याकडून." गेल्या सालापर्यंत हीच शरू वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटायची. यंदा भाषणात पहिली आली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडाला कुणी झाकण घालू शकलं नव्हतं.

पूर ओसरून गेला होता. गंगामाईनं जाताना वावरात गुडघाभर गाळ टाकला होता आणि त्यावर काँसाचं गवत असं माजलं होतं की म्हैस शिरली तर शिंगंसुद्धा दिसू नयेत. पलीकडं उन्हात शिंदे घाटावरचं कललेलं देऊळ पाण्यात पाय घालून बसलं होतं. उद्या दसरा, त्यानंतर मटार पेरायचा, म्हणून सगळं घर काँस उपटायला आलं होतं. सगळं घर म्हणजे शरूची आई, गीता. साडीचा काचा मारून ती दोन्ही हातांनी काँस असा ओढत होती, जणू कुणाच्या झिंज्याच धरल्यात. शरूचे वडील, यज्ञेश आबा, बांधावर बसून खैनी मळत होते. मळण्याचं काम सकाळपासून चाललं होतं.

"कोण? मी? भ्येतो?" आबा उठून उभे राहिले. "आगं, आपलं खापरपणजं शिंदे सरकारच्या फौजेत तिरंदाज व्हतं! म्हणून ही जमीन मिळाली. तिरंदाजाचं रगत हाय ह्ये!"

"रगत हाय व्हय?" आई वाकूनच बोलली. "मंग त्येला म्हणावं ऊठ, जरा काँस उपट."

शेजारची माणसं खिदळली. आबांचे कान लाल झाले.

आता हे तिरंदाजीचं काय, तर गंगेपल्याडच्या या गावात मराठ्यांची मूठभर घरं. दर दसऱ्याला रेतीवर 'जोडीचा नेम' लागायचा. सगळं गाव त्यात उतरायचं, भोजपुरी बोलणारं आणि मराठी बोलणारंही. नवऱ्याच्या डोळ्यावर पट्टी, हातात बांबूचा कमठा, म्हणजे धनुष्य. समोर गाळात खणलेला खड्डा, खड्ड्याच्या काठावर उंच बांबू, बांबूवर कोहळा. खड्ड्यात बायको बसायची आणि लाटण्यानं पितळी थाळी बडवायची. त्या आवाजावर नवऱ्यानं नेम धरायचा आणि तीन बाणांत कोहळा फोडायचा. लग्न झाल्यापासून आई दर दसऱ्याला त्या खड्ड्यात बसत आली होती आणि आबा दर दसऱ्याला कोहळा सोडून बाकी सगळ्याला बाण मारत आले होते. एका साली तर तो गुरुजींच्या छत्रीत घुसला होता.

कमठा घरात देवापाशी खुंटीवर असायचा. पोरींनी त्याची धूळ पुसायची, बाकी हात लावायचा नाही. एकदा घरात कुणी नसताना शरूनं त्याची दोरी ओढून सोडली होती. तो टणत्कार दिवसभर तिच्या दातांत घुमत राहिला. तेव्हापासून तिला तो कमठा हवा होता, पण पोरीनं तो मागायची रीत नव्हती. आज तोंड उघडलंच होतं, तर तिनं तेही उरकून घेतलं.

"भ्येत न्हाई ना? मंग उद्या तुमी खड्ड्यात बसा आन् आईला मारू द्या."

बाजरीतून ऋताचं हसू फुटलं आणि तिनं ते खोकल्यात दडवलं.

"बसंन की!" आबा म्हणाले. चारचौघांत दुसरं काय म्हणणार?

"आन् आईनं कोहळा फोडला तर?"

"फोडला तर कमठा तुजा, जा! ही काय फोडती!"

आईनं आत्ता कुठं मान वर केली. आबांकडं बघितलं, शरूकडं बघितलं आणि पुन्हा काँसाला हात घातला. पण पुढची मूठ जरा जास्तच जोरात निघाली.

दसऱ्याला रेतीवर ही गर्दी! अंतरा मोबाईल रोखून सगळ्यांच्या पुढं उभी. आईनं कमठा हातात घेतला तसे प्रधानजी, म्हणजे गावचे सरपंच, बाईमाणसाला अडवायला पुढं आले.

"अरे, अब मेहरारू तीर चलइहें?"

"का परधानजी," आईनं पदर खोचला, "मटर से नीलगाय के भगावेला? रउआ?"

गर्दी फिस्सकन हसली. मटारात शिरलेल्या नीलगाई हाकलणारी आईची गलोल सगळ्या गावानं बघितली होती, प्रधानजींची कुणीच नाही. नीलगाईंनी तर खाल्लीही होती. प्रधानजींनी हात हलवला, "चलाव भाई, चलाव."

आबा खड्ड्यात उतरले. उतरताना त्यांनी गर्दीकडं बघून मिशीला पीळ दिला. मग नुसती मिशी दिसली, मग तीही दिसेना.

आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. ठण्ण! एकदाच थाळी वाजली. आईनं दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली. बाण कोहळ्याच्या उजवीकडून सूं करत गेला आणि लांब रेतीत रुतला. खड्ड्यातून "आयो!" असं ऐकू आलं.

आई दुसरा बाण लावून थांबली. आवाज नाही. गर्दी कुजबुजली. आवाज नाही.

शरू कडेनं धावत खड्ड्यापाशी गेली आणि आत डोकावली. तिरंदाजाच्या खापरपणतवानं थाळी टोपीसारखी डोक्यावर घेतली होती आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. लाटणं गाळात पडलं होतं.

"आबा, वाजवा की!"

"हात मोकळा न्हाई!" थाळीखालून उत्तर आलं.

"आबा, माजा कमठा जाईल!"

"माजं डोस्कं जाईल त्येचं काय?"

"बाजूला हो, पोरी!" कुणीतरी ओरडलं. शरू मागं सरली. आईनं अंदाजानंच बाण सोडला. तो खड्ड्याच्या काठात खच्चकन घुसला, आबांपासून हातभर अंतरावर. आतून असा आवाज आला की बगळेसुद्धा उडाले.

एकच बाण उरला होता. थाळी वाजणार नव्हती, आणि न वाजणाऱ्या थाळीवर कुणाच्या बापालाही नेम धरता येत नाही. तिच्या बापाला तर वाजणाऱ्या थाळीवरही येत नव्हता.

आईनं कमठा खाली केला. 'संपलं,' शरूला वाटलं. मग आई रोज चुलीपाशी बसून बोलावं त्या आवाजात म्हणाली,

"आवं, म्हशीला सकाळी पेंड घातली का?"

खड्डा गप्प.

"घातली न्हाई वाटतं."

"घातली!"

"कवा? मी बगितलं तवा गव्हाण कोरडी ठणठणीत."

"आगं घातली म्हंतो ना! तुला कवा माजं खरं वाटलंय?" थाळीखालचा आवाज चढला.

आईचे पाय रेतीत हळूच वळत होते. कमठा पुन्हा वर आला होता. गर्दीला काही कळेना, प्रधानजी तोंड उघडं टाकून बघत होते.

"आन् परवा मोटर रातभर चालू कुणी ठिवली?"

"ती तुज्या भावानं! कायबी झालं की माजंच नाव! आख्ख्या जल्मात एकदा तरी—"

सट्ट!

कोहळा मधोमध फुटला. अर्धा रेतीत पडला आणि अर्धा बियांसकट, पाण्यासकट थेट खड्ड्यात, थाळीवर. ठण्ण! शेवटी थाळी वाजली.

अख्खी रेती हसून लोळली. नवऱ्याचा आवाज कुठून येतो हे आईला पट्टी बांधूनच काय, झोपेतही कळलं असतं. आणि खड्ड्यापासून कोहळा किती उंच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? दर दसऱ्याला ती खालून तोच तर बघत बसायची.

"लेकिन थाली त बजबे ना कइल!" प्रधानजी हसू पुसत म्हणाले. थाळीविना फोडलेला कोहळा नियमात बसेना, म्हणून बक्षिसाचा गमछा आणि जिलबी दुसऱ्याच जोडीला गेली. त्या जोडीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

माणसं पांगल्यावर शरू एकटीच खड्ड्यात उतरली. बसून बघितलं. ओल्या गाळाचा वास आणि वर आभाळाचा एक तुकडा, बस्स. तिकडं कोण उभं आहे, दोरी कधी ओढतोय, काही दिसत नव्हतं. काठात आईचा दुसरा बाण अजून रुतलेला होता. तिनं तो हलवून बघितला, निघेना. मग तिला गुरुजींची छत्री आठवली आणि ती चटकन वर चढून आली.

घरी आबा मोरीवर मिशीतल्या बिया काढत होते. आई म्हशीला पेंड घालत होती, कारण ती सकाळी घातलेली नव्हती.

"आई, तुला खड्ड्यात भ्या न्हाई वाटायचं?"

"वाटायचं की," आई म्हणाली. "म्हणून तर जोरात बडवायची."

आबा तोंड पुसत आत गेले, खुंटीवरचा कमठा काढला आणि शरूपुढं धरला. "घे बाई. बोललो त्ये बोललो. त्या अंतराला म्हणावं, तेवडा व्हिडिओ काडून टाक."

शरूनं कमठा घेतला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा हलका होता. दोरीला बोट लावलं, नुसतंच. मग तो तिनं पुन्हा खुंटीला अडकवला आणि दोघांकडं वळली.

"ऐका. कमठा माजाच. पर पुढल्या दसऱ्याला मी मारणार न्हाई. आई मारंल आन् खड्ड्यात मी बसणार, कोहळा फुटंस्तोवर थाळी वाजवणार. त्येच्या पुढल्या साली मी मारणार. तवा खड्ड्यात तुमी, आबा. आजून लई टाइम हाय, हात मोकळा ठिवायची सवय करा."