उलटं फिरलेलं वादळ

"तपासनीस साहेबांपुढे हा धांगडधिंगा नको," मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं. "पोरांना बाकांवर बसवा आणि धडा वाचून घ्या. आज हसं झालं, तर विज्ञानाचा तास दुसऱ्या कुणाकडे आणि हॉलची किल्ली माझ्याकडे."

"पोरं नाचतील," चौथीच्या बाई म्हणाल्या आणि किल्ली कमरेला खोचून चालू लागल्या.

शिक्षकांच्या खोलीत त्यांना भिंगरीबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. म्हणेनात का! पण तास जाणं वेगळं. मागच्या वर्षी याच पोरांनी हवेच्या दाबाची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली होती आणि एकालाही त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आता कुठे कळू लागलं होतं. ते हातचं जाऊ द्यायची बाईंची मुळीच तयारी नव्हती.

हॉलमध्ये साहेब आणि मोठ्या बाई फळ्याजवळच्या खुर्च्यांवर बसले. भिंगरीबाई त्यांच्याकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि टाळी वाजवली. एका कोपऱ्यात पोरांनी दाटी केली, तिथे दाब जास्त. समोरचा कोपरा रिकामा, तिथे कमी. ताल बदलला तशी दाटीतली पोरं रिकाम्या जागेकडे सुटली, आणि तो झाला वारा. मग जमिनीवर पसरलेलं पाणी वाफ होऊन बोटं नाचवत उठलं, वर जाऊन गारठलं, एकमेकांना बिलगून ढग झालं आणि भार सोसवेना तेव्हा धपाधप खाली आलं. शेवटी वादळ. त्याचा नियम एकच होता: मधोमध जो एकटा उभा, तो कमी दाब, बाकीच्यांनी आत तोंड करून रिंगण धरायचं आणि त्याच्याभोवती फिरायचं.

साहेबांनी चष्मा पुसला. "आपल्याकडे वादळ कुठल्या बाजूने फिरतं? फळ्यावर दाखवा बरं."

वर्गात कधी तोंड न उघडणारी चिमणी आज आपणहून उठली. तिने गोल काढून त्यावर बाण दिला. बाण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चालला होता.

"बरोबर?" साहेबांनी विचारलं.

"बरोब्बर!" सगळा वर्ग ओरडला.

साफ चूक. आपल्याकडे ते काट्यांच्या उलट फिरतं. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. भिंगरीबाईंनी बाणाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. पोरं फिरत होती ती त्यांच्याकडे बघून! बाईंनी उजवीकडे पाऊल टाकलं की समोरची पोरं आरशासारखी डावीकडे टाकत होती. इतके दिवस बाई वादळ बरोबर शिकवत होत्या आणि पोरं ते उलटं शिकत होती.

"पाहिलंत साहेब? नाचून हे असं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चूक माझी आहे," भिंगरीबाई ताडकन म्हणाल्या. "मी पोरांकडे तोंड करून उभी होते. पण अख्ख्या वर्गाची चूक एकच आहे. म्हणजे शिकवलेलं पोरांत उतरलंय. नुसतं वाचून घेतलं असतं, तर प्रत्येकाने आपापला बाण काढला असता. चिमणे, पूस तो. आपण पुन्हा करू."

त्यांनी पोरांकडे पाठ फिरवली. आता त्यांचं तोंड थेट मोठ्या बाईंसमोर आलं. डोळ्याला डोळा देऊन त्यांनी उजवीकडे पाऊल टाकलं. मागे सगळ्या पोरांचं पाऊल उजवीकडे पडलं.

"पुरे! किल्ली आणा इकडे!" मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या आणि हात पुढे करून तरातरा हॉलच्या मधोमध आल्या.

मधोमध, एकट्या! पोरांना नियम पक्का ठाऊक होता. बघता बघता त्यांच्याभोवती रिंगण धरलं गेलं आणि वादळ फिरू लागलं, काट्यांच्या उलट. चिमणी सगळ्यात पुढे.

साहेब पुढे वाकून पोरांच्या पायांकडे बघत होते. "आता दिशा बरोबर आहे," ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी दाराकडे पाऊल टाकलं. वादळ त्यांच्यासोबत सरकलं. त्या थबकल्या, तसं तेही जागीच फिरत राहिलं. पुढे केलेला हात अजून रिकामाच होता.

"कमी दाब जिकडे जाईल तिकडे वादळ जाणारच, मोठ्या बाई," भिंगरीबाई म्हणाल्या. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती. "तास संपेपर्यंत उभ्या राहा."