विचारलं तेवढंच

तमीम रविवारी सकाळी पेणला माझ्या घरी आला, तेव्हा त्याच्या हातात सोललेल्या वालांचा डबा होता.

"अम्मीनं पाठवलंय. बोलली, मॅडमना सोलत बसायला वेळ नाय मिळत."

तमीम रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा. रोह्याच्या आमच्या कारखान्यात, मी केमिस्ट आहे त्या लॅबमध्ये, तो दोन वर्षं कंत्राटी मदतनीस होता. दोन महिन्यांपूर्वी त्याचा गेटपास काढून घेतला.

"डोलवीला एका कंत्राटदाराकडं काम हाय," तो म्हणाला. "पण त्यानं आपल्या कंपनीत फोन केला. तिथून सांगितलं, यानं कंप्युटरमधे व्हायरस टाकला. आता तो बोलतो, कोणाचं तरी पत्र आण. तुमी द्याल ना? माझ्या बाजूनं तिथं तुमीच बोलल्या असाल, मला म्हायतीय."

मी चहा ठेवायला आत गेले.

व्हायरस नव्हताच. वजनकाट्यावरचे आकडे आम्ही हाताने संगणकात भरायचो. मार्चमध्ये मी २६.८४ च्या जागी २८.६४ भरलं आणि अख्खी बॅच पुन्हा तपासावी लागली. त्यानंतर मीच तमीमला म्हटलं, यावर काही करता येतं का बघ. त्याने आठवड्याभरात एक छोटा प्रोग्राम लिहिला. काट्यावरचा आकडा तो घ्यायचा आणि कुणी कीबोर्डवर टाइप करावा तसा तक्त्यात भरायचा. मी पन्नास नमुने स्वतः ताडून पाहिले. एकही चूक नव्हती.

पण माणसाऐवजी टाइप करणाऱ्या प्रोग्रामवर अँटीव्हायरस संशय घेतो. एका सोमवारी पडद्यावर लाल चौकट आली, मुंबई ऑफिसने आमचा संगणक बंद केला आणि तिथल्या जितेशचा मेल आला : हा प्रोग्राम कोणी बसवला?

परवानगीशिवाय काही बसवायचं नाही, असा नियम आहे. मी उत्तर लिहिलं : तमीमने. ते खरं होतं. कोणाच्या सांगण्यावरून, हे जितेशने विचारलं नव्हतं. संध्याकाळी तमीमचा गेटपास गेला.

नऊ दिवसांनी जितेशने मला कळवलं, तपासणी झाली, प्रोग्राम निर्धोक आहे, वापरायला हरकत नाही. तो मेल मी कोणालाही पुढे पाठवला नाही. तेव्हापासून रोज मी काट्यावर नमुना ठेवते आणि आकडे आपोआप उमटतात.

चहा उतू गेला.

उरलेला कपात ओतून बाहेर आणला आणि मी पत्र लिहायला घेतलं. काम चोख, वर्तणूक चांगली. एवढ्यावर सही करता आली असती. पण कंत्राटदार पुन्हा फोन करणार, आणि त्याला पुन्हा व्हायरसच ऐकू येणार. मी कागद बदलला. प्रोग्राम माझ्या सांगण्यावरून लिहिला, तपासणीत तो निर्धोक ठरला, ही माहिती मी दडवली, असं लिहून सही केली. जितेशचा मेल फोनवर उघडून तमीमपुढे ठेवला.

त्याने दोन्ही वाचलं. मग मेलची तारीख पुन्हा पाहिली.

"आणि माझं नाव कोणी कळवलं?"

"मी."

त्याने फोन माझ्याकडे सरकवला. "अँटीव्हायरसनं निदान तोंडावर सांगितलं वो."

मी फोन हातात घेतला.

"हे आपल्या साहेबांना ठाऊक हाय?"

"आत्ता पाठवते."

पत्राचा फोटो आणि तो मेल मी साहेबांना पाठवला. गेल्याची खूण दिसेपर्यंत तमीम माझ्या फोनकडे पाहत होता. मग त्याने पत्राची घडी करून खिशात ठेवली. चहाला हात लावला नाही.

"डबा द्या. अम्मीला लागतो."

मी वाल पातेल्यात काढले, डबा धुऊन पुसला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून साखरेची बरणी उघडली.

"नको," तो दारातून म्हणाला. "रिकामाच द्या."