दिलगिरी, पण अटी लागू

सकाळी कायदा आणि दुपारी समाजमाध्यमं, अशी माझी दुहेरी पदवी. सकाळचे सर सांगतात, चूक लेखी कबूल करू नका. दुपारच्या मॅडम सांगतात, तासाभरात माफी मागून मोकळे व्हा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मधल्या मध्ये मरण माझं.

आईचं धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. त्याचं पेज मीच हौसेनं उघडलं, मीच सांभाळते. मंगळवारी सकाळी एका बाईंनी तिथे फोटो टाकला. निळा कोट, पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. खाली प्रश्न, यावर दुकानाचं काय म्हणणं आहे?

तो फोटो पडला तो नेमका समोरच्या हॉटेलच्या मॅनेजरच्या नजरेला! त्यांच्या चादरींवर तर आमचं दुकान चालतं. त्यांनी आईला फोन करून सांगितलं, संध्याकाळपर्यंत हे निस्तरा, नाहीतर चादरी दुसरीकडे जातील.

मी म्हटलं, हात्तिच्या, याचंच तर शिक्षण घेतेय. दोन्ही विषयांना न्याय देत उत्तर लिहिलं: "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. मात्र ही दिलगिरी म्हणजे कथित डागाबाबत दोषाची कबुली समजू नये." शेवटी लाल बदाम टाकला आणि ऐटीत कॉलेजला गेले.

लोक तुटून पडले. एकानं तर बायकोचा वाढदिवस विसरल्याची माफी याच मसुद्यात मागितली. दुपारी मॅडमनी माझं उत्तर वर्गात पडद्यावर दाखवलं, काय करू नये याचा ताजा नमुना म्हणून. कुणाचं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी बाकाखाली न पडलेलं पेन शोधत बसले. जिन्यात सकाळचे सर भेटले. पेज माझं, हे त्यांना ठाऊक होतं; म्हणाले की दुसरं वाक्य मात्र पक्कं आहे. डोंबल माझं!

चार वाजता तणतणत दुकानात गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. लोकांना कायद्यातलं काही कळत नाही, मॅडमना लाज नाही, वगैरे सगळं मी तिला ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं.

"कोट जळला कसा, हे मला एकदा तरी विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.

"रविवारी तू मला फोनवर तुझ्या त्या सोमवारच्या खोट्या खटल्याच्या स्पर्धेचं भाषण म्हणून दाखवत होतीस," आई म्हणाली. "इतकी रंगात आली होतीस, मध्येच थांब कसं म्हणू? ऐकता ऐकता हात थांबला."

मला रडूच आलं. आधीचं उत्तर काढून टाकलं आणि लिहिलं की कोट आमच्याकडेच जळला, आई माझं भाषण ऐकत होती म्हणून जळला, आम्ही भरून देऊ. एकही अट घातली नाही. सरांची आठवण आली, पण लिहिलं.

पाच मिनिटांत बाईंची कमेंट आली: "स्पर्धा तरी जिंकलीस का?"

"पहिल्याच फेरीत बाहेर," मी खरं ते कळवलं. त्यांनी हसरा चेहरा टाकला आणि शनिवारी दुकानात येते म्हणाल्या.

सहा वाजता मॅनेजरचा फोन आला. चादरी उद्यापासून नेहमीसारख्या येतील, पण त्या मुलीला पेजपासून जरा लांब ठेवा, असं त्यांनी बजावलं.

"राहू दे हो," आई म्हणाली, "शिकतेय अजून."