जावयाचं बंदर

बशीवर ताणून बसवलेलं ते पातळ प्लास्टिक नखाला सापडतच नव्हतं. आत चार काजू, दोन बिस्किटं आणि एक खारीक. कडा कुठून सुरू होते ते कळावं म्हणून दिनकररावांनी बशी हळूच फिरवली, मग उलट फिरवली, आणि समोरच्या पडद्यावर त्यांच्याच मतदारसंघातलं बंदर निळ्या-हिरव्या रंगात सरकत राहिलं. आढावा बैठक सुरू होऊन बराच वेळ झाला होता. ही असली बशी बैठकीत कुणी फोडत नाही, हे इतक्या वर्षांत त्यांना माहीत झालं होतं, तरी बोटं आपली चाळा करत होती. भूक नव्हती. भूक लागून, मरून, परत लागून दमली होती.

परभणीत बंदर! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सेलूच्या बाजारात माणसं पोट धरून हसली होती. ‘आमदारसायेब, समुद्र कवा आणायलाव?’ मग आपणच गावोगाव घसा कोरडा करून सांगितलं, की बाबांनो, हे कोरडं बंदर. कापसाच्या गाठी इथंच कंटेनरात भरायच्या, परदेशी माल पाठवायची सरकारी तपासणी इथंच करायची, आणि इथूनच रेल्वेनं डबे थेट मुंबईच्या जहाजापर्यंत. लोकांनी ऐकलं. गाव पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारायचं ते गायरान दिलं, तेही फारशी कटकट न करता... बनी तो बनी, नहीं तो परभणी, असं म्हणून एक म्हातारा निघून गेला होता तेवढंच. त्या म्हाताऱ्याला तेव्हा आपण खुळ्यात काढलं होतं. आज तो भेटला तर त्याच्या शेजारी बसून तंबाखू मळावी असं वाटतंय.

“आता प्रकल्पाच्या सज्जतेबाबत कार्यकारी अभियंता माहिती देतील,” कुणीतरी म्हणालं, आणि योगीराज उभा राहिला.

दिनकररावांनी बशी खाली ठेवली.

योगीराज म्हणजे गावचा जावई. चुलतभावाची सुकेशनी त्याला दिलेली. भाऊ आधीच गेलेला, म्हणून मांडवात बापाच्या जागी दिनकरराव बसले होते. पितळी परातीत याचे पाय त्यांनीच धुतले होते, बायको वरून पाणी सोडत होती आणि हा पोरगा लाजून पाय आखडता घेत होता... नवे बूट घासून टाचेला फोड आलेला, तो अजून आठवतो. जावई म्हणजे दहावा ग्रह असं बायका म्हणतात, पण हा ग्रह तसा गरीब निघाला. मानपानाला कधी रुसला नाही. यंदाच्या धोंड्याच्या महिन्यात घरी बोलावून अनारशांचं वाण दिलं, तर खाली बघत म्हणाला, “मामा, कशाला एवढं?” आणि आत्ता, बैठकीच्या आधी, जिन्याच्या वळणावर तोच खाली वाकून पाया पडला होता. “मामा, जरा सांभाळून घ्या. मंत्रीसाहेबांची तारीख ठरलीय. वरून लय दाब हाय.”

सांभाळून घ्या. सांभाळायला आपण जन्मलोच आहोत म्हणा.

कारण सकाळी दुसरंच कुणी सांभाळा म्हणून आलं होतं. अंघोळ करून दिनकरराव ओसरीवर येतात तो पायरीवर बायनाबाई बसलेली, डोक्यावरचा पदर दातात धरून. गायरानाच्या कडेला राहणारी, दीड एकर कोरडवाहू रान असलेली बाई. उभं आयुष्य ऊस तोडण्यात गेलेलं. चहा नको म्हणाली. आधी काम, मग चहा.

“सायेब, टोळीची गाडी आज यायलीय. मुकादम म्हणायलाय, चढायचं तर चढा, न्हाईतर दुसरी जोडी घेतो.”

“मग?”

“मग काय! तुमीच म्हणला हुता, यंदा पोर्ट सुरू व्हनार, समद्यांला हितंच काम. आमचा परमेश्वर म्हणतो, माय, आता जायचं न्हाई. पर पोटाचं काय? एकटा जावा तर अर्धा कोयता धरतेत. जोडीनं जावा तर...” ती थांबली. पदर दातातून सुटला. “सुनंला, शिवकन्याला, सातवा लागलाय, सायेब. पहिलं लेकरू फडातच झालं. पाचटावर. आठ दिसात गेलं. ही पोरगी पुन्यांदा त्या गाडीत चढंना, अन्‌ तिला न चढवता माझा लेक जाईना. म्या कुनाला समजावू?”

कोयता म्हणजे जोडी. नवऱ्यानं तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. सातव्या महिन्यातही, आठव्यातही. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असण्यानं काय होतं?

“तुमी खरं सांगा,” बायनाबाई म्हणाली. “सुरू व्हनार का न्हाई? व्हनार म्हणला तर गाडी परत धाडते. न्हाई म्हणला तर बांधते बोचकं. राग न्हाई तुमच्यावर.”

आणि ते म्हणाले होते... काय म्हणाले होते? “आज बैठकीत विचारतो ना मी. सगळ्यांसमोर विचारतो. टीव्हीवाले असतात, बघा तुम्ही.” टीव्हीवाले कसले, मोबाईल तिकाटण्यावर लावून बसलेली यूट्यूबची दोन पोरं. पण बायनाबाईचा चेहरा असा काही सैल झाला, की मग तिनं चहा घेतला, बशीत ओतून, दोन्ही हातांनी धरून.

तेव्हाच सांगता आलं असतं. गेल्याच आठवड्यात आपण स्वतः पाहून आलोय. कमान उभी आहे, रंग ओला आहे, शेडवर पत्रे चकाकतायत, आणि मालगाडीसाठी टाकलेले रूळ शेडच्या मागून निघून थोडं पुढे जाऊन एकदम बाभळीत संपलेत. मोठ्या लाईनीला जोडलेच नाहीत. आपण त्या शेवटच्या रुळावर पाय ठेवून उभे राहिलो होतो, आणि सोबतचे कंत्राटदार म्हणाले होते, ‘होईल साहेब, उद्‌घाटनाला तिकडं कोण जातंय.’ आणि आपण हसलो होतो. का हसलो मी? दमलो होतो म्हणून. दमलेला माणूस हसतो, तेवढीच मेहनत वाचते.

“...सर्व मूलभूत कामं पूर्ण असून पोर्ट कार्यान्वयनासाठी सज्ज आहे,” योगीराज वाचत होता. कागदावरून त्यानं डोळे वर केले नाहीत.

दिनकररावांनी मायक्रोफोनचं बटण दाबलं. यूट्यूबच्या पोरांनी मोबाईल त्यांच्याकडे वळवले.

“म्हणजे पोर्ट सज्ज आहे, असं आपलं म्हणणं आहे.”

“होय साहेब.”

“ज्या कुटुंबांचं गायरान गेलं, त्यांना काम देण्याचं आश्वासन होतं. शिवाय तिथं निवारा, बाळंतिणींसाठी आणि लहान लेकरांसाठी सोय, दवाखान्याची गाडी... या सगळ्याचं काय?”

“स्थानिकांना प्राधान्यानं काम देण्यात येईल, साहेब. बाकी सोयी प्रस्तावित आहेत.”

आता पुढचा प्रश्न. तो तयार होता. तोंडात आला होता, दातांना लागत होता. रूळ जोडलेत का? तीन शब्द. हे विचारलं की योगीराजनं काहीही म्हणू दे, हो म्हणाला तर खोटा पडेल, नाही म्हणाला तर जिल्हाधिकारी इथंच, या मोबाईलांच्या पुढं, त्याची सालटी काढतील, मंत्र्यांची तारीख पुढं जाईल, आणि कुणाच्या तरी माथी मारायचं म्हणून त्याच्याच माथी मारलं जाईल. आणि मग सुकेशनी... सासू तिची आधीच खोचक. ‘तुझ्याच काकानं भर सभेत आमच्या पोराची अब्रू घेतली गं.’ लेक दिली की मान खाली, हे आपल्यात कुणी शिकवावं लागत नाही. लेकीच्या सासरचं कुत्रं आलं तरी त्याला हाड म्हणत नाहीत. आणि ज्याचे पाय मी या हातांनी धुतले, त्याला याच हातात माईक धरून...

योगीराजनं वर पाहिलं. मामा असं तो म्हणाला नाही, पण दिनकररावांना ते ऐकू आलं.

शिवाय कोनशिलेवर आपलंही नाव आहेच की! नुसत्या जावयाच्या मायेचं सोंग कशाला. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी कोनशिला आठवली नाही, परातच आठवली.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “सज्ज आहे म्हणता, चांगली गोष्ट आहे. काम लवकर सुरू करा. लोक वाट बघतायत.”

टाळ्या नव्हत्या, पण सगळ्या खोलीनं श्वास सोडला. बैठक पुढच्या विषयाकडे, पाणीटंचाईकडे, वळली. योगीराज खाली बसला आणि त्यानं रुमाल काढून मान पुसली. दिनकररावांना त्याच्याबद्दल बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याचा कंटाळा आला. अशा किती प्रश्नांना आपण अर्ध्यात सोडून दिलंय... विचारायचं, उत्तर यायचं, नोंद व्हायची. कुणी उत्तर ऐकत नाही. प्रश्न विचारला एवढंच लोकांना हवं असतं. आपणही तसंच धरून चाललो. चाललं की इतकी वर्षं!

परतीला गाडीत त्यांनी डोळे मिटले. देवगाव फाट्याला ड्रायव्हरनं चहाला थांबू का विचारलं, त्यांनी मान हलवली, म्हणजे हो का नाही हे ड्रायव्हरनंच ठरवावं. गाडी पुढं निघाली. ऊन उतरलं होतं. समोरून एक ट्रक गेला. हौद्यात बोचकी, पत्र्याच्या पेट्या, भांडी, वर बसलेल्या बायका, दाव्यानं बांधलेली एक शेळी. कुणाची तरी टोळी निघाली होती. दिनकररावांनी मागं वळून पाहिलं. एवढ्या धुळीत चेहरे कुठले दिसायला!

मग फोन वाजला.

“सायेब, बायनाबाई बोलायलेय. परमेश्वरच्या मोबाईलवरून.” मागं कसलासा गलका, कुणीतरी हसत होतं. “बघितलं आमी समद्यांनी. मारुतीच्या पारावर बसून बघितलं. तुमी ईचारलं, त्यांनी सज्ज हाय म्हणून सांगितलं. समद्यांसमोर!”

“हो,” ते म्हणाले.

“गाडी परत धाडली. मुकादम लय चिडला. म्हणला, आता पाया पडलाव तरी नेत न्हाई, दुसरी जोडी घेतली म्या. घे म्हणलं, बाबा! आमचे सायेब खोटं ऐकून घेनारे न्हाईत.”

दिनकररावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“आमचीच न्हाई, आनखी चार जोड्या उतरल्या गाडीतून. पेट्यासगट. परमेश्वर म्हणला, उतरा रे, सायेबानं ईचारलंय.” ती जराशी दम घ्यायला थांबली. “तर कवापासून यायचं कामाला? उद्या येऊ का परवा?”

“बायनाबाई...”

“जी.”

रस्त्याच्या कडेला कापसाच्या रानात बाया अजून वाकून वेचत होत्या. ड्रायव्हर आरशातून त्यांच्याकडे बघत होता. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्याची इतक्या वर्षांची सवय, ज्या सवयीला शब्द कधी कमी पडले नव्हते, ती नेमकी आत्ता कुठं मेली होती कुणास ठाऊक. पाच जोड्या. त्यांनी उत्तर ऐकलं होतं. मी विचारलं म्हणून ऐकलं. योगीराजवर नाही, त्या कागदावर नाही, मंत्र्यावर तर नाहीच नाही... माझ्या विचारण्यावर विश्वास ठेवून पेट्या खाली उतरवल्या.

“सायेब, हायेत ना?”

“आहे,” दिनकरराव म्हणाले. “आहे मी.”

“शिवकन्या हितं उभी हाय. रडायलीय येडी. आनंदानं. तिला द्यू का फोन?”

नको, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर फोन हातातून हातात गेला होता. पलीकडं एक पोरगी नुसती श्वास घेत होती. आणि दिनकररावांच्या लक्षात आलं की सकाळपासून, सकाळपासून कसलं, कैक वर्षांपासून अंगावर पांघरलेला तो शिणवटा आता कुठंच नाही. डोळे टक्क उघडे आहेत. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहानपणी वाटायची तशी; आणि त्या पोरीचा श्वास कानाला लागलेला असताना फोन ना ठेवता येत होता, ना तिला काही सांगता येत होतं.