बाजूची सीट

ज्युलियसने मागच्या सीटची पाठ खाली पाडली, सपाट झालेल्या जागेवर तळहाताने दोनदा थापटलं आणि म्हणाला, "इथे केळीचे तीन लोंगर आडवे राहतात. वर लुईझाची शिलाई मशीनही मावते."

गाडी बघायला आलेली विनिता डिकीत डोकावली. पस्तिशीच्या आतबाहेरची, बँकेत नोकरी करणारी ही मुलगी विरारच्या मनवेलपाड्याहून रिक्षा बदलत नंदाखालला पोचली होती. दिखाव्यासाठी गाडी नको, हे तिने आल्याआल्याच सांगून टाकलं होतं. तिची आई संगमेश्वरच्या वरच्या अंगाला डोंगरात एकटी राहायची. घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर तांबड्या मातीचा, पावसाळ्यात तिथे भाड्याची गाडी यायला तयार होत नसे. मोठी जीप घ्यावी, तर सोसायटीत उभी करायला जागा नाही.

"मग हीच," ज्युलियस म्हणाला. "दिसायला हॅचबॅक आहे, पण चारही चाकं ओढतात. एक घसरलं तरी तीन असतात."

त्याची बायको लुईझा सरबताचे ग्लास घेऊन ओट्यावर उभी होती. हा माणूस गाडी विकतोय की पुन्हा विकत घेतोय, तेच तिला कळेना. दारं उघडून दाखव, बॉनेट उघडून दाखव, काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीने पूस. भाच्याने, डिलनने, मोबाइलवर जाहिरात टाकल्यापासून चार जण येऊन गेले होते आणि चौघांनाही ज्युलियसने काहीतरी खोट काढून परत पाठवलं होतं. एक जण फार जोरात दार लावतो, तर दुसरा नुसता रंगाचंच विचारतो. या मुलीला मात्र त्याने अजून तरी नाव ठेवलं नव्हतं.

ज्युलियसचं सगळं आयुष्य बोटीवर गेलं होतं. इंजिनरूममध्ये आठ महिने, घरी दोन महिने. ते दोन महिनेही पाहुण्यांत, लग्नांत आणि गावच्या सणांत संपायचे. लुईझा शाळेत शिकवायची, वाडी सांभाळायची, मुलीला वाढवायची. तो कायमचा घरी आला तेव्हा मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली होती, आणि नाश्त्याच्या टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायला काही सुचत नव्हतं. भांडणही नव्हतं. नुसतं पाव कापल्याचा आवाज.

अशात एके दिवशी ही गाडी दारात येऊन उभी राहिली. वांद्र्याच्या कोणा डॉक्टरने दोन वर्षं वापरून विकायला काढलेली. लुईझा खूप रागावली होती. दोन माणसांना एवढ्या महागाची गाडी कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला की गुरुवारी जव्हारला जाऊ.

गुरुवारी चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपून ते निघाले. डब्यात ऑम्लेट-पाव, थर्मासमध्ये चहा. मनोर मागे पडेपर्यंत दोघं गप्पच होते. मग तिच्या लक्षात आलं की इथे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. दोघांचे डोळे समोरच्या रस्त्यावर, आणि रस्ता पुढे सरकेल तसे शब्द आपोआप निघतात. दुसऱ्या खेपेला तिच्या पोटातलं मूल गेलं, तेव्हा तो ब्राझीलच्या वाटेवर होता. तिने पत्रात चार ओळींत कळवलं होतं. ती सगळी हकीकत तिने त्याला पहिल्यांदा नीट सांगितली ती विक्रमगडच्या रस्त्यावर, तेवीस वर्षांनी. त्याने गाडी थांबवली नाही. फक्त वेग कमी केला, आणि बराच वेळ तो तसाच कमी ठेवला.

त्यानंतर नऊ वर्षं त्यांचा गुरुवार ठरलेला असायचा. डहाणू, सापुतारा, कधी रात्री मुक्काम करून थेट आंबोली. कुठे जायचं याला फारसा अर्थ नव्हता. एकदा सूर्यमाळच्या चढावर पावसात एक जीप चिखलात रुतून बसली होती. तिचा ड्रायव्हर यांची बुटकी गाडी बघून हसला आणि हातानेच मागे फिरा म्हणाला. ज्युलियसने गाडी हळूहळू, एका चालीत वर काढली. वर गेल्यावर त्याने काच खाली करून मागे वळून हात हलवला. साठीचा माणूस दहावीतल्या मुलासारखा हसत होता. लुईझाला तो तसा आधी कधी भेटलाच नव्हता.

गेल्या पावसाळ्यात काहीतरी बिघडलं.

परतीच्या वाटेवर डावीकडून एक सायकलवाला रस्त्यावर आला आणि ज्युलियसला तो दिसलाच नाही. समोरचं सगळं दिसत होतं, लांबच्या पाट्या तो वाचत होता, पण कडेचं कळत नव्हतं. घरीही बाजूला ठेवलेल्या कपाला त्याचा हात लागायला लागला, दाराच्या चौकटीला खांदा घासायला लागला. लुईझा काही बोलली नाही. ती फक्त गाडीत जास्त बोलायला लागली. "डावीकडून स्कूटर बघ कशी दामटतोय." "त्या उजवीकडच्या म्हातारीने किती फुलं माळलीत." "बैल निघाले वाटतं शेतातून." वरवर गप्पाच. तो हूं म्हणायचा आणि पाय ब्रेकवर न्यायचा.

जानेवारीत त्याच्या दाढीच्या डब्यात तिला डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली. औषधाच्या कागदावर काचबिंदू असं लिहिलेलं होतं. तिने बाटली होती तशी ठेवून दिली. त्याला विचारायचं तिने रोज ठरवलं आणि रोज पुढे ढकललं. विचारलं की गाडी बंद होणार, आणि गाडी बंद झाली की पुन्हा ते टेबल, पुन्हा तो पाव.

मग मार्चमध्ये निर्मळच्या तळ्यापाशी एक लहान मुलगी चेंडूमागे धावत आली. त्या वेळी लुईझा पर्समध्ये रुमाल शोधत होती. तिने मान वर केली आणि ज्युलियसच्या गुडघ्यावर जोरात हात दाबला. गाडी थांबली. मुलीने चेंडू उचलला आणि ती निघूनही गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही. दुसऱ्याचं लेकरू आपण आपल्या गप्पांसाठी पणाला लावत होतो, हे तिने त्या रविवारी फादरना कन्फेशनमध्ये सांगितलं. नवऱ्याला मात्र तिने सांगितलं की या बुटक्या गाडीत चढता-उतरताना तिचे गुडघे दुखतात. त्यावर तो लगेच म्हणाला की हिचे पार्टही आता मिळत नाहीत, काढूनच टाकू. इतक्या सहज त्या दोघांचं एकमत कधीच झालं नव्हतं.

सरबत पिऊन झालं. विनिताने चालवून बघू का असं विचारलं. ज्युलियसने किल्ली तिच्या हातावर ठेवली, सीटची पाठ पुन्हा उभी केली आणि स्वतः मागचं दार उघडलं.

"तू पुढे बस," तो लुईझाला म्हणाला. "तुझे गुडघे."

विनिताने सीट पुढे ओढली, आरसे नीट केले. ती चांगली चालवत होती, गाडीला समजून घेत. नंदाखालच्या वाड्यांमधून, एका बावखलाच्या, वाडीतल्या जुन्या तळ्याच्या, हिरव्या पाण्याला वळसा घालून ती आगाशीच्या रस्त्याला लागली. आईकडची वाट कशी आहे ते ती सांगत होती. मागून ज्युलियस चढावर पहिला गिअर कधी टाकायचा ते समजावत होता.

"डावीकडून रिक्षा येतेय," लुईझा म्हणाली.

"हो आंटी, बघितली."

थोडं पुढे गेल्यावर कोळणी टोपल्या घेऊन रस्ता ओलांडायला उभ्या होत्या.

"उजवीकडे बायका बघ किती थांबल्यात."

"दिसतायत, आंटी." विनिताने वेग आधीच कमी केला होता.

आगाशीचा बाजार सुरू झाला. गर्दी होती. लुईझाला आपण बोलतोय हेही कळत नव्हतं. डावीकडे हातगाडी. ते पोर हात सोडून पळेल. उजवीकडून बाइक, उजवीकडून. विनिता हसली. तिच्या हसण्यात उपहास नव्हता.

"आंटी, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मला दोन्ही बाजूंचं नीट दिसतं."

लुईझाने तोंड मिटलं. मांडीवरच्या पर्सचा बंद तिने बोटाला गुंडाळला, सोडवला, पुन्हा गुंडाळला. मागे ज्युलियस पहिल्या गिअरबद्दल काहीतरी सांगत होता, तो मध्येच थांबला. त्याचं वाक्य पुरं झालं नाही. तिला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

गाडी अर्नाळ्याला पोचली. सुरूच्या झाडांखाली विनिताने गाडी उभी केली. आईला फोन करून विचारते, दोन मिनिटं, असं म्हणून ती उतरली आणि मोबाइल कानाला लावून किनाऱ्याच्या दिशेने चालत गेली.

गाडीत दोघंच राहिले, ती पुढे आणि तो मागे. समोर ओहोटीचा समुद्र लांब गेला होता. वाळूत एक होडी कलंडलेली होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं.

"गेल्या जुलैपासून. मनोरच्या अलीकडे तो सायकलवाला आला ना, तेव्हापासून."

कुठल्या तरी होडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं.

"मला डॉक्टरने नाताळच्या आधी सांगितलं," तो म्हणाला. "बँकेत जातो म्हणून गेलो होतो. म्हणजे तुला माझ्याआधी कळलं."

"हं."

"मला वाटायचं, तुला हौस आहे. गाडीत बसलं की तुला बोलायला सुचतं."

"सुचायचंच," लुईझा म्हणाली. "ते काही खोटं नव्हतं."

तिला अजून बरंच सांगायचं होतं. निर्मळच्या त्या मुलीचं, थेंबांच्या बाटलीचं, त्या टेबलाच्या भीतीचं. त्यालाही बहुतेक सांगायचं असावं, कारण तिच्या सीटची पाठ त्याने मागून हाताने धरली होती आणि ती पकड तिला पाठीत जाणवत होती. पण तेवढ्यात विनिता झाडांमधून परत येताना दिसली. तिचा चेहरा उजळला होता. आई हो म्हणाली होती, वर तिने गाडीचा रंगही विचारला होता.

"अंकल, मला आवडली. मी घेते," ती म्हणाली. मग तिने दोघांकडे पाहिलं आणि जरा थांबून विचारलं, "तुमचं नक्की आहे ना? नसेल तर राहू द्या. मी दुसरी बघेन."

"नक्की आहे," ज्युलियस म्हणाला. "आईला सांग, पावसाच्या आधी टायर बदलायला लागतील. चारही एकदम बदल. दोन-दोन नको."

विनिता स्टिअरिंगवर बसली. लुईझाने पुढचं दार उघडलं, वरच्या दांडीला धरून ती खाली उतरली, वळसा घालून मागे गेली आणि ज्युलियसच्या शेजारी बसली. विनिताने आरशात पाहिलं आणि किल्ली फिरवली. नऊ वर्षांत त्या सीटवर केळी बसली होती, आंब्याच्या पेट्या बसल्या होत्या, एकदा फादरसुद्धा बसले होते. ही दोघं कधी बसली नव्हती.

गाडी सुरूच्या सावलीतून बाहेर पडली. दोघंही सवयीने समोर बघत होते. रस्त्याचं बघायला आता तिसरं माणूस होतं. लुईझाकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि शेजारी बसलेली ती ज्युलियसला दिसत नव्हती. तिला बघायचं तर त्याला पूर्ण मान वळवावी लागणार होती.

त्याने ती वळवली आणि आगाशी येईपर्यंत तशीच ठेवली.