वाढल्या ताटावरून

भगवंतराव डॉक्टर होऊन विलायतेहून परतला आणि अकोल्याला त्याच्या मळ्यात रोडग्यांचं जेवण ठरलं. निमंत्रण अमरावतीला शालिकरामकडे आलं, तेव्हा तो इतका खूश झाला की वहिनीला नवल वाटलं. ज्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती, त्याच्याकडे जेवायला हा सदऱ्याला इस्त्री करून निघाला! तिला काय ठाऊक, शालिकराम जेवायला जातच नव्हता. तो वाढल्या ताटावरून उठायला जात होता. हात न उचलता यजमानाच्या थोबाडीत मारायची वऱ्हाडात याहून जबर रीत नाही.

एडिंबराला दोघं एकाच घरात भाड्यानं राहत. भगवंतराव डॉक्टरी शिकत होता, शालिकराम शेतकी. पहिल्याच आठवड्यात शालिकरामनं धुतलेलं धोतर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडून वाळत घातलं, तर दारात पोलीस हजर! कोणीतरी भाडं बुडवून त्या धोतरावरून उतरून पळालं, असा त्याचा समज. न्हाताना अंगभर साबण लावला की नेमका पाणी तापवायचा गॅस संपायचा, कारण यंत्रात पेनीचं नाणं टाकायचं राहिलेलं असायचं. पण सुखंही होती. संध्याकाळी रद्दी कागदात गुंडाळलेले गरम तळलेले बटाटे घ्यायचे, खिशातल्या पुडीतली जवसाची चटणी त्यावर भुरभुरायची आणि ओल्या रस्त्यानं खात हिंडायचं. त्या थंडीतही कपाळावर घाम यायचा.

ती चटणी शालिकरामची माय, गंगूबाई, पाठवायची. अमरावतीच्या बाजारात भाजी विकून ती घर चालवायची, आणि दर चार-सहा महिन्यांनी चटणीच्या डब्याचं तोंड कथलानं झाळून, बंद करून घेऊन तो पोराला धाडायची.

दुसऱ्या हिवाळ्यात विमानटपालानं भावाचं पत्र आलं. माय तापानं गेली होती. जायच्या आठ दिवस आधी तिनं डबा पाठवला, तो आगबोटीनं मागून येतोय, असंही त्यात होतं. शालिकराम डोकं भादरून घ्यायला गेला, तर न्हाव्याला वाटलं याला उवा झाल्या. हा खुर्चीत रडत होता आणि न्हावी दूर उभा राहून वस्तरा चालवत होता. त्यानंतर तीन आठवडे शालिकरामनं टपालवाल्याची वाट पाहिली. डबा उघडून बोटभर चटणी खायची आणि बाकी जपून ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं.

डबा आला त्या दिवशी तो कॉलेजच्या शेतावर होता. भगवंतरावनं सही करून डबा घेतला, चार दोस्त बोलावले, आणि पावाला लावून, बिअरबरोबर चटणी फस्त केली. शालिकराम आला तोवर डबा बोटांनी पुसून झाला होता.

"अबे, चटणीच तं होती," भगवंतराव म्हणाला. "घरून अजून मागवून घे ना."

समोर उभ्या माणसाच्या डोक्यावर केस अजून पुरते उगवले नव्हते, तरी हा लेकाचा असं बोलला! याच्याच घरच्या पंगतीतून उठायचं, हे शालिकरामनं तिथल्या तिथे ठरवलं आणि दोन वर्षं राग जपला.

मळ्यात कडुनिंबाखाली पंगत बसली. वकील होते, सावकार होते, तहसीलदार होते. भगवंतराव शालिकरामच्या शेजारीच बसून धोतराचा किस्सा सांगत होता आणि सगळे पोट धरून हसत होते. त्याची म्हातारी आई, पार्वताबाई, स्वतः वाढत होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वरण, वांग्याची भाजी. शालिकरामच्या रोडग्यावर तिनं तुपाची धार धरली.

"घे बापू, पोटभर जेव. तिकडं कोण वाढत होतं तुले?"

शालिकराम उठला. पार्वताबाईनं तुपाची धार आवरली.

"काहून उठला रे? माह्या हातून काही चुकलं का?"

दोन वर्षं त्यानं या क्षणी भगवंतरावचंच तोंड डोळ्यांसमोर आणलं होतं. म्हातारीचं कधी आणलं नव्हतं. पण आता माघार नव्हती.

"तुमचं नाई, मावशी. माह्या मायनं मरायच्या आधी मले चटणीचा डबा धाडला होता. तिचं तोंड तं मले दिसलं नाई. तिच्या हातचं तेवढंच येणार होतं. तो डबा यानं दोस्तायले चारला. बोटभर नाई ठेवली माह्यासाठी."

"ते चटणी?" भगवंतराव हसला. "ते अजून धरून बसला का तू?"

पार्वताबाईनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. "याची माय मेली, हे तुले तवा ठाऊक होतं का, भगवंता?"

भगवंतराव ताटाकडे पाहत राहिला. "होतं," तो हळूच म्हणाला.

म्हातारी वाकली. तिनं त्याच्यासमोरचं ताट उचललं, त्याच्या हातातला रोडग्याचा तुकडाही काढून घेतला.

"दुसऱ्याच्या मायचं खाऊन बसला तू. आता आपल्या मायचं राहू दे. ऊठ."

विलायती सुटातला डॉक्टर सगळ्या पंगतीदेखत उठला. म्हातारीनं ते ताट नेऊन बैलापुढे ठेवलं.

शालिकराम परत बसला. त्याला भगवंतरावची कीव यायला हवी होती, पण रतीभरही आली नाही. त्यानं रोडगा वरणात कालवला आणि सावकाश, चवीनं जेवू लागला. भगवंतराव झाडाला टेकून उभा होता. आईनं बस म्हटल्याशिवाय बसायची त्याची छाती नव्हती. शालिकरामचं पोट कधीच भरलं होतं. तरी त्यानं तिसरा रोडगा मागून घेतला.